जर्मनीत घर मिळालं, पण पत्रपेटीवर नाव लावलं का? तिथली टपाल व्यवस्था समजून घ्या

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या माणसाचं बँकेत खातं उघडतं, आरोग्य विमा होतो, स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंदही होते. सगळीकडून एकच उत्तर मिळतं, ‘टपालाने येईल.’ मग दोन आठवडे जातात, तीन जातात. बँकेचं कार्ड येत नाही, विम्याचं कार्ड येत नाही. पत्ता तपासला तर बरोबर असतो. रस्ता, घर क्रमांक, पिनकोड, सगळं जागेवर. चूक असते इमारतीच्या तळमजल्यावर, पत्रपेट्यांच्या रांगेत. तिथे त्याचं नावच नसतं.

आपल्याकडे ही अडचण कळायलाच वेळ लागतो. भारतात पत्त्यात फ्लॅट नंबर असतो, मजला असतो, ‘मारुती मंदिराच्या मागे’ असतं, आणि एवढं सगळं चुकलं तरी ‘जोशींकडे नवीन भाडेकरू आलाय ना, त्याचं पत्र’ हे पोस्टमनला ठाऊक असतं. जर्मनीतल्या पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतोच. नाव, रस्ता आणि घर क्रमांक, पाच आकडी पिनकोड आणि गाव. संपला पत्ता. त्या एका घर क्रमांकाखाली वीस कुटुंबं राहत असली तरी पोस्टमनने पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हे ठरवतो तो पेटीवरचा नावाचा कागद. पाकिटावरचं आडनाव एकाही पेटीवर दिसलं नाही, तर पत्र ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती सापडली नाही’ असा शेरा मारून पाठवणाऱ्याकडे परत जातं. पोस्टमन दार वाजवून चौकशी करेल, ही अपेक्षा ठेवू नये.

शेजारच्या ऑस्ट्रियात पत्त्यात दाराचा क्रमांक लिहायची पद्धत आहे. त्यामुळेच २०१८ मध्ये खासगी माहितीच्या संरक्षणाचा युरोपीय कायदा आला तेव्हा व्हिएन्नाच्या सरकारी गृहसंकुलांमध्ये दारावरच्या घंटीजवळची नावं काढून नुसते क्रमांक लावायचं ठरलं. जर्मनीतही तेव्हा तशी चर्चा झाली, पण पाट्या राहिल्या. राहणं भागच होतं, कारण त्या काढल्या तर पत्रं वाटायची कशी?

म्हणून घराची किल्ली हातात आली की त्याच दिवशी करायचं काम म्हणजे पत्रपेटीवर आणि बाहेरच्या घंटीच्या पाटीवर नाव लावणं. पक्की पाटी बहुतेक ठिकाणी इमारतीची देखभाल करणारी माणसं किंवा घरमालक लावून देतात, आणि त्याला वेळ लागतो. तोवर साध्या कागदावर ठळक अक्षरात आडनाव लिहून चिकटपट्टीने लावलं तरी चालतं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावायची. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आहे, त्यांना तिथली कार्यालयं नेमकं कोणत्या नावाने पत्र पाठवतात हे पाहून तेच नाव पेटीवर लिहावं. घरात प्रेमाने हाक मारतात ते नाव इथे उपयोगाचं नाही. दुसऱ्याच्या घरात एखादी खोली घेऊन राहणाऱ्यांनी आपलं नाव त्या पेटीवर वाढवून घ्यावं. ते होत नसेल तर पत्त्यात आपल्या नावाखाली ‘बाय’ म्हणजे ‘यांच्याकडे’ असं लिहून मूळ भाडेकरूचं नाव घालतात.

पाच आकडी की सहा आकडी?

भारताचा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. एकाच नावाची कितीतरी गावं आणि वेगवेगळ्या भाषा-लिप्यांत लिहिलेले पत्ते यावर उपाय म्हणून ही पद्धत आखली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. ते टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. जर्मनीची आजची पाच आकडी पद्धत त्याहून बरीच नवी, १ जुलै १९९३ ची. त्याआधी पूर्व आणि पश्चिम जर्मनीचे चार आकडी क्रमांक वेगवेगळे होते. एकत्रीकरणानंतर एकच क्रमांक दोन गावांना आहे अशी पंचाईत झाली आणि सगळा देश नव्याने क्रमांकावा लागला.

पत्ता लिहिताना दोन बारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. घर क्रमांक रस्त्याच्या नावानंतर येतो आणि पिनकोड गावाच्या नावाआधी. दुसरं म्हणजे हाताने लिहिलेले आकडे. जर्मन माणूस इंग्रजी एकच्या डोक्याला लांब तिरकी रेघ देतो आणि सातच्या पोटातून आडवी रेघ मारतो. आपण लिहिलेला साधा सात त्याला एक वाटू शकतो. मुंबई-पुण्याहून आईवडील हाताने पत्ता लिहून पाठवणार असतील, तर सातच्या पोटात रेघ मारायला त्यांना आवर्जून सांगावं, किंवा पत्ता छापूनच घ्यावा.

कोणकोणती पत्रं येतात

इतका प्रगत देश आणि अजून कागद, याचं आश्चर्य नव्याने गेलेल्या प्रत्येकाला वाटतं. पण तिथे बरीच महत्त्वाची कामं अजूनही पाकिटातूनच होतात.

नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. पहिल्यांदाच अशी नोंद झाली की काही आठवड्यांत केंद्रीय कर कार्यालयाकडून अकरा आकडी कर क्रमांक टपालाने येतो. हा क्रमांक ते ईमेलने किंवा फोनवर सांगत नाहीत. हरवला तर पुन्हा अर्ज करायचा आणि पुन्हा पत्राची वाट पाहायची. तोवर पगार सुरू झाला असेल, तर कंपनीला सर्वांत जास्त कपातीच्या गटात धरून कर कापावा लागू शकतो. जादा कापलेले पैसे पुढे परत मिळतात, पण नव्या देशातल्या पहिल्या महिन्यांत हाती कमी पैसे येणं अवघडच जातं.

बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं आणि पिन दुसऱ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी. दोन्ही एकाच चोराच्या हाती लागू नयेत म्हणून. खातं उघडताना ओळख पटवण्यासाठी काही बँका टपाल कार्यालयातच पाठवतात. तिथे पासपोर्ट दाखवायचा असतो, आणि भारतीय पासपोर्टवर जर्मनीतला पत्ता नसल्याने पत्त्याच्या नोंदीचा कागदही जवळ ठेवलेला बरा.

आणखी एक पत्र जवळपास प्रत्येकाला येतं आणि जाहिरात समजून कचऱ्यात टाकलं जातं. ते असतं सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. घरी टीव्ही नसला तरी ही वर्गणी दर घरामागे भरावी लागते, महिन्याला १८.३६ युरो. माणशी नाही, घरामागे. त्यामुळे चार विद्यार्थी एकत्र राहत असतील तर एकाने भरली की पुरते. बाकीच्यांनी त्या एकाचा वर्गणी क्रमांक कळवायचा असतो. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर स्मरणपत्रं येत राहतात, थकबाकी आणि दंड वाढतो, आणि शेवटी वसुलीपर्यंत प्रकरण जातं. जाहिरातींच्या ढिगात कामाचं पत्र हरवू नये म्हणून ‘कृपया जाहिराती टाकू नका’ असं जर्मनमध्ये लिहिलेली चिठ्ठी पेटीवर लावतात. दुकानात तिचे तयार स्टिकर मिळतात.

पेटीत आधीच्या भाडेकरूची पत्रंही येतात. ती उघडू नयेत. दुसऱ्याचं बंद पत्र उघडणं हा जर्मनीत गुन्हा आहे आणि पत्रांची गोपनीयता तिथल्या राज्यघटनेच्या दहाव्या कलमात आहे. ‘ही व्यक्ती इथे राहत नाही’ असं पाकिटावर लिहून ते पिवळ्या टपालपेटीत परत टाकायचं. हो, तिथली टपालपेटी लाल नाही, पिवळी.

‘पत्र वाचलंच नाही’ चालत नाही

इथवरच्या चुका पैशाने किंवा वेळेने भरून निघतात. खरी जोखीम आहे ती मुदतीची.

सरकारी कार्यालयाने साध्या टपालाने पाठवलेला निर्णय, मग तो कराचा असो की व्हिसाचा, टपालात टाकल्यानंतर चौथ्या दिवशी मिळाला असं कायदा धरून चालतो. २०२४ अखेरपर्यंत ही मुदत तीन दिवसांची होती. टपाल वाटपाला जास्त अवधी देणारा नवा कायदा आल्यावर १ जानेवारी २०२५ पासून ती चार दिवसांची झाली. निर्णय मान्य नसेल तर हरकत घ्यायला बहुतेक वेळा एक महिना मिळतो, आणि तो महिना त्या चौथ्या दिवसापासून मोजला जातो. पाकीट कधी उघडलं याच्याशी त्याचा संबंध नसतो. पत्र खरोखर पोचलंच नाही असा वाद झाला तर ते पोचल्याचं सिद्ध करणं कार्यालयाचं काम असतं. पण ज्याने पेटीवर नावच लावलं नव्हतं, त्याची बाजू तिथे लंगडी पडते.

याहून कडक प्रकार म्हणजे पिवळं पाकीट. दंडाचे आदेश, न्यायालयाची पत्रं, थकबाकी वसुलीचे आदेश त्यातून येतात. पोस्टमन आधी ते हातात द्यायचा प्रयत्न करतो. घरी कोणी नसेल तर पेटीत टाकतो आणि पाकिटावर तारीख लिहितो. त्या तारखेला ते पत्र कायद्याने मिळालेलं असतं. माणूस त्या वेळी लग्नासाठी कोल्हापूरला आला होता, हे नुसतं सांगून तारीख बदलत नाही. वाहतुकीच्या दंडाविरुद्ध हरकत घ्यायला फक्त दोन आठवडे मिळतात. खोट्या थकबाकीच्या आदेशाला विरोध करायलाही दोनच आठवडे, आणि तेवढ्यात उत्तर गेलं नाही तर समोरचा वसुलीचा पुढचा आदेश मागू शकतो. आपला दोष नसताना मुदत हुकली असेल तर ती पुन्हा उघडून मागता येते. मात्र त्यासाठी कळल्या कळल्या अर्ज करावा लागतो आणि कारणाचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून पिवळं पाकीट कधी फेकू नये. आतल्या कागदाइतकीच त्याच्यावरची तारीख मोलाची असते.

सुट्टीसाठी महिनाभर भारतात येणाऱ्यांनी एखाद्या विश्वासू मित्राकडे पेटीची किल्ली ठेवावी, हा यावरचा सर्वांत सोपा उपाय. तो पाकिटांचे फोटो पाठवू शकतो. टपाल कंपनीच्या ॲपमध्ये येऊ घातलेल्या पत्रांच्या पाकिटाचं चित्र आधी दाखवण्याची सोय आहे. पण त्यातून पत्र येणार हे कळतं, आत काय आहे ते नाही.

हीच मुदत उलट बाजूनेही चालते. घर सोडायची नोटीस जर्मनीत कागदावर, स्वतःच्या सहीनेच द्यावी लागते. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरची नोटीस ग्राह्य नसते. करारावर दोघांची नावं असतील तर दोघांच्याही सह्या लागतात. नेहमीची मुदत तीन महिन्यांची, आणि नोटीस महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाकडे पोचली पाहिजे. मेच्या तिसऱ्या कामाच्या दिवशी पोचली तर जुलैअखेर घर सुटतं. चौथ्या दिवशी पोचली तर ऑगस्टचंही भाडं भरा. पाठवलेली तारीख इथे मोजत नाहीत, पोचलेली मोजतात.

अशा पत्रासाठी नोंदणीकृत टपाल वापरतात, त्याला ‘आइनश्राइबन’ म्हणतात. त्याचे दोन प्रकार नीट ओळखले पाहिजेत. एकात पोस्टमन सही घेऊन पत्र हातात देतो. दुसऱ्यात तो पत्र पेटीत टाकतो आणि तशी नोंद करतो. सहीचा प्रकार जास्त भक्कम वाटतो, पण घरमालक घरी नसेल आणि त्याने टपाल कार्यालयात जाऊन पत्र सोडवलंच नाही, तर ते पोचलेलं धरलं जात नाही. म्हणून नोटिशीसाठी पेटीत टाकण्याचा प्रकार बरा. पावती आणि पोस्टमनच्या नोंदीची प्रत, दोन्ही जपून ठेवावीत. घरमालक त्याच गावात राहत असेल तर पत्राचा मजकूर वाचलेल्या मित्राला सोबत घेऊन त्याच्यासमोर पत्र पेटीत टाकणं हा आणखी खात्रीचा मार्ग. थोडं नाटकी वाटतं खरं, पण एका महिन्याच्या भाड्यापुढे काहीच नाही.

साध्या पत्राला मात्र एवढा व्याप नाही. २० ग्रॅमपर्यंतच्या देशांतर्गत पत्राला २०२५ च्या सुरुवातीपासून ९५ सेंटचं तिकीट लागतं, तेवढ्याच वजनाच्या भारतात जाणाऱ्या पत्राला १.२५ युरोचं. तिकीट जवळ नसेल तर ॲपमधून पैसे भरून मिळालेला कोड पेनाने तिकिटाच्या जागी लिहिला तरी पत्र जातं.

दिवाळीचा फराळ आणि कस्टम्स

पार्सलची कथा निराळी. घरी कोणी नसेल तर पार्सल शेजाऱ्याकडे ठेवायची तिथे सर्रास पद्धत आहे. पेटीत चिठ्ठी येते आणि तिच्यावर शेजाऱ्याचं नाव असतं. अनेकांची शेजाऱ्यांशी पहिली ओळख अशीच होते. शेजारीही नसेल तर पार्सल जवळच्या टपाल केंद्रात किंवा पिवळ्या कपाटांच्या स्वयंचलित केंद्रात जातं. तिथे ते साधारण आठवडाभर थांबतं आणि मग परत निघतं. केंद्रातून सोडवायला चिठ्ठी आणि पासपोर्ट लागतो.

भारतातून आलेलं पार्सल त्याआधी कस्टम्समधून जातं, तिथल्या भाषेत ‘त्सोल’. घरच्यांनी घरच्यांना पाठवलेली भेटवस्तू ४५ युरो किमतीपर्यंत करमुक्त असते. त्यावर कर लागतो. ऑनलाइन विकत घेतलेल्या वस्तूला ही सवलत नाही. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून लहान किमतीच्या खरेदीवरची करमाफी काढून टाकली आहे. भारतातल्या टपाल कार्यालयात कस्टम्सचा फॉर्म भरताना नुसतं ‘गिफ्ट’ किंवा ‘खाऊ’ लिहिणं हे पार्सल अडकण्याचं हमखास कारण. सुती कुर्ता एक, चकली अर्धा किलो, पुस्तकं दोन, अशी प्रत्येक वस्तू वजन आणि किमतीसह लिहावी. किंमत शून्यही लिहू नये. भेटवस्तू फुकट दिली तरी तिची किंमत असतेच.

फराळाच्या डब्यात मात्र आईला न आवडणारी एक यादी पाळावी लागते. युरोपीय संघाबाहेरून खासगी पार्सलमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ पाठवायला बंदी आहे. जनावरांचे रोग पसरू नयेत हे त्यामागचं कारण. म्हणजे पेढे, बर्फी, तूप बाद. तेलात तळलेल्या चकलीला आणि चिवड्याला ही अडचण नाही. साजूक तुपातल्या लाडवांबाबत जोखीम राहते. ताजा कढीपत्ता, आळूची पानं, आंबे यांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, ते घरगुती डब्यासाठी कोण काढणार? गोडा मसाला, मेतकूट बिनधास्त पाठवावं.

सर्वांत जास्त गैरसमज औषधांबद्दल आहे. ‘तिकडे डॉक्टरची वेळ मिळत नाही’ म्हणून घरचे तापाच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, त्वचेची मलमं डब्यात खुपसतात. युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीला टपालाने औषधं मागवायला जर्मनीत मनाई आहे. डॉक्टरची चिठ्ठी सोबत असली तरीही. स्वतः प्रवास करताना वैयक्तिक वापरापुरती औषधं सामानात नेता येतात, टपालाने नाही. औषधांची एक पट्टी सापडली की अख्ख्या फराळाची तपासणी लांबते.

कस्टम्सला शंका आली की पार्सल दारात येत नाही. पावती किंवा किमतीचा पुरावा घेऊन ठराविक मुदतीत कस्टम्सच्या कार्यालयात या, असं पत्र येतं. साध्या टपालाने, पेटीवर ज्याचं नाव आहे त्यालाच.

घर बदलताना

घर बदललं की सगळ्यांना नवा पत्ता कळवेपर्यंत जुन्या पत्त्यावर पत्रं येत राहतात. त्यासाठी पैसे भरून पत्रं नव्या पत्त्यावर वळवण्याची सोय आहे, तिचं जर्मन नाव ‘नाखझेंडे-आउफट्राग’. सहा महिने, वर्ष किंवा दोन वर्षांसाठी ती घेता येते. पण ती सोय त्या एका टपाल कंपनीने वाटलेल्या पत्रांपुरतीच चालते, आणि इतर खासगी कंपन्याही पत्रं वाटतात. त्यामुळे बँक, विमा, कर कार्यालय आणि व्हिसा कार्यालय यांना पत्ता स्वतंत्रपणे कळवावाच लागतो. पत्त्याची सरकारी नोंदही पुन्हा दोन आठवड्यांत करायची असते.

जर्मनी कायमची सोडून भारतात परतणाऱ्यांनाही पत्रं परदेशी पत्त्यावर वळवता येतात, फक्त ती पोचायला वेळ लागतो. घराच्या अनामत रकमेचा हिशेब, वीज-गॅसचं वर्षअखेरचं बिल, कर परताव्याचा निर्णय हे सगळं माणूस परतल्यावर काही महिन्यांनी येतं, आणि कर परताव्यात तर बऱ्यापैकी पैसे असू शकतात. निघण्याच्या आठवड्यात सामान विकण्याच्या गडबडीत हे काम राहून जातं. म्हणून विमानाचं तिकीट काढलं त्याच दिवशी पत्र वळवण्याचा अर्जही भरून टाकावा. आणि जुन्या पत्रपेटीवरून नावाची चिठ्ठी काढायची ती अगदी शेवटच्या दिवशी, किल्ली परत देताना.